काढायचं की शेक घ्यायचा?

पत्राचा सारांश: पत्रलेखकांचं वय ६४, निवृत्त. नेहमीच्या रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं एक प्रथिन) ८.४ निघाला. एमआरआयमध्ये प्रोस्टेटच्या उजव्या बाजूला एक डाग दिसला. बायोप्सीच्या १२ तुकड्यांपैकी ४ तुकड्यांत कॅन्सर सापडला, ग्लीसन ३+४. गाठ ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर पसरल्याची खूण नाही. सर्जन म्हणतात रोबोने ग्रंथी काढून टाकू. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात शेकाने तितकंच बरं होईल. सर्जननी असंही बजावलं, की रेडिएशन आधी घेतलं तर मग ऑपरेशनचा रस्ता बंद होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, विषाची परीक्षा कशाला? काढून मोकळे व्हा." एका मित्राचं ऑपरेशन झालं, तो महिन्याभरात हिंडूफिरू लागला. मेहुण्यांनी रेडिएशन घेतलं, त्यांना वर्षभराने शौचातून रक्त जायला लागलं. पत्रलेखकांचा रोज सकाळी पोहायचा नेम तीस वर्षांचा आहे. रात्री लघवीला तीन-चारदा उठावं लागतं, धारही बारीक झाली आहे. ते विचारतात, "दोघांपैकी खरं कोण बोलतंय? चोर घरात ठेवून झोप कशी लागणार? आणि या घोळात पसरला तर?"

खाली ता. क. आहे: "आपण स्त्री आहात म्हणून लिहायला संकोच वाटतो. शरीरसंबंधांचं विचारलं तेव्हा एक डॉक्टर हसून म्हणाले, आता या वयात त्याचं काय. घरी हे बोललेलो नाही. पत्नी तपासणीला बरोबर येते, पण बाहेर बाकावर बसते."

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ता. क. चारदा. त्याच्याकडे मी येणारच आहे. तुम्ही संकोच बाजूला ठेवून लिहिलंत, आता मी तो मध्ये आणला तर ते बरं दिसणार नाही. पण तुमची झोप उडवणारी गोष्ट आधी घेते. मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम मात्र बरीच वर्षं केलं आहे. खुर्चीच्या काठावर बसून "उद्याच करून टाका" म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

तुमच्या अहवालातलं ग्लीसन ३+४ काय सांगतं ते पाहू. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडलेली दिसते त्यावर ३, ४ किंवा ५ असा अंक देतात. पहिला अंक जास्त प्रमाणात दिसलेल्या रचनेचा असतो. म्हणजे तुमच्या गाठीत सौम्य भाग जास्त आहे आणि थोडा त्याहून खट्याळ. डॉक्टर याला पाचपैकी दुसरा गट म्हणतात. ४+३ असतं तर बेरीज तीच, सात, पण गट तिसरा आणि वागणूकही वेगळी. या गटातला कॅन्सर वर्षांच्या हिशेबाने वाढतो. नीट विचार करायला, दुसरं मत घ्यायला काही आठवडे गेले तर काही हातचं जात नाही. विषय टाळत वर्ष काढू नका, एवढंच. तुम्ही टाळणाऱ्यांतले वाटत नाही. चार पानांत तुम्ही पीएसएचे सगळे आकडे तारखांसह दिले आहेत.

आता "खरं कोण बोलतंय?" हा प्रश्नच मला जरा खटकला. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या म्हणजे एकाचं चुकलं, असं तुम्ही धरून चालला आहात. इथे तसं नाही. सर्जन आपल्या हातातली विद्या सांगतो आणि रेडिएशनवाला आपल्या. दोघांच्या विद्येने माणसं बरी होतात. दोन्हींची सरळ तुलना व्हावी म्हणून ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. १९९९ ते २००९ या काळात, ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या, ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांनी एका विलक्षण गोष्टीला होकार दिला. आपल्यावर कोणता उपचार व्हावा हे त्यांनी चिठ्ठीवर सोडलं. (मला त्या माणसांचं नेहमी कौतुक वाटतं. आपण टाकली असती का अशी चिठ्ठी?) साधारण एक तृतीयांश लोकांचं ऑपरेशन ठरलं, तेवढ्यांना रेडिएशन, आणि उरलेल्यांवर उपचार न करता लक्ष ठेवलं.

साधारण १५ वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. तोवर त्या १,६४३ जणांपैकी ३५६ जण वारले होते, पण प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले होते ४५. ऑपरेशनच्या गटातले १२, रेडिएशनच्या गटातले १६ आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांतले १७. हा फरक इतका बारीक आहे की त्यावरून एकाला श्रेष्ठ ठरवता येत नाही. कॅन्सर हाडांत किंवा इतरत्र पसरण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर ४.७ टक्के होतं आणि रेडिएशननंतर ५ टक्के. लक्ष ठेवलेल्या गटात मात्र ते ९.४ टक्के निघालं, ही गोष्ट मी लपवणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचा कॅन्सर तुमच्याहून सौम्य होता, हेही ध्यानात ठेवा. पण ऑपरेशन आणि रेडिएशन यांच्यात जीव वाचवण्याच्या बाबतीत डावं-उजवं करता येत नाही, याला एवढा आधार पुरेसा आहे.

चोराचं बोलू. ग्रंथी बाहेर काढून बाटलीत पाहिली की मनाला जो थंडावा मिळतो, तो खरा आहे. त्याला मी हसणार नाही. काही माणसांना त्याखेरीज चैन पडत नाही आणि ऑपरेशन निवडायला तेवढं कारण मला चालतं. त्याचा एक व्यवहारी फायदाही आहे. काढलेली अख्खी ग्रंथी तपासता येते, म्हणजे कॅन्सर नेमका किती आणि किती खट्याळ होता ते बायोप्सीपेक्षा पक्कं कळतं. पण "काढलं म्हणजे संपलं" हे खरं नाही. चोर आधीच परसदारी गेला असेल तर घर पाडून तो सापडत नाही. म्हणूनच ऑपरेशननंतरही वर्षानुवर्षं पीएसए तपासत राहावं लागतं. तो जवळजवळ शून्यावर यायला हवा आणि ०.२ पर्यंत चढला की डॉक्टर सावध होतात. काही जणांना तेव्हा शेक घ्यावाच लागतो. रेडिएशनमध्ये चोर घरात राहतो असंही नाही. किरणांनी पेशीच्या आतला डीएनए तुटतो. अशी पेशी लगेच मरत नाही, ती विभागायला जाते तेव्हा मरते. म्हणून पीएसए सावकाश, वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ उतरत राहतो. मध्येच थोडा वर उसळून पुन्हा खाली येतो आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. जो नीचांक गाठला त्याहून २ने वर गेला, तरच कॅन्सर परतल्याचा संशय धरतात. असा खालीवर होणारा आकडा बघत तुम्ही शांत राहू शकाल का? हे तुम्हालाच माहीत.

सर्जननी सांगितलेला 'रस्ता बंद'चा मुद्दा. रेडिएशननंतर त्याच जागी ऑपरेशन करणं अवघड होतं, त्यात त्रासही जास्त होतो, हे बरोबर. उलट ऑपरेशननंतर शेक देणं सोपं. पण या युक्तिवादात एक मेख आहे. पहिला उपचार फसणार असं धरून आपण दुसऱ्याची सोय बघतो. आणि दोन्ही उपचार झाले तर दोन्हींचे त्रास एकाच शरीरावर बसतात. रेडिएशननंतर कॅन्सर परतलाच, तर ऑपरेशनखेरीजही करण्यासारखं असतं. हा मुद्दा तराजूत टाका, पण सगळ्यात जड वजन म्हणून नको.

मग निवड कशावर करायची? त्रासांवर. दोन्ही वाटांनी गाव येतं, काटे मात्र वेगळे.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला कवेत घेऊन बसलेलं असतं. लघवी रोखून धरणारी व्यवस्था दुहेरी असते, एक ग्रंथीच्या वर आणि एक खाली. ग्रंथी काढताना वरची जाते आणि सगळा भार खालच्या स्नायूवर येतो. त्याला हे काम एकट्याने कधी करावं लागलेलं नसतं. ऑपरेशननंतर आठवडाभर ते दोन आठवडे लघवीची नळी असते. ती काढली की खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, बादली उचलणं, प्रत्येक वेळी थोडी गळते. प्रोटेक्ट अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांपैकी ४६ टक्के जण सहा महिन्यांनी पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. रेडिएशनवाल्यांत हेच प्रमाण ५ आणि ४ टक्के होतं. तुमचा मित्र महिन्यात हिंडायला लागला ते खरंच असणार. पण त्याच्या पँटच्या आत काय होतं, हे तुम्ही विचारलंत का? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ऑपरेशननंतर आठ महिने खांद्यावरच्या पिशवीत एक सुकी विजार ठेवायचे. कुठेही गेले की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवायचे. ते आता पूर्ण कोरडे आहेत आणि ऑपरेशनबद्दल समाधानी आहेत. पण ती पिशवी त्यांनी मित्रांना दाखवली नव्हती.

रेडिएशनचा काटा दुसरीकडे असतो आणि उशिरा टोचतो. ग्रंथीच्या पाठीमागे अगदी चिकटून गुदाशय असतो. किरण कितीही नेमके सोडले तरी त्याच्या पुढच्या भिंतीला थोडे लागतात. तिथल्या रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि महिन्यांनी, वर्षांनी रक्त दिसू शकतं. मेहुण्यांचं तेच झालं असावं. बहुतेकांना हे थोडक्यात भागतं, पण रेडिएशनचंच असेल असं गृहीत धरून त्यांनी गप्प बसू नये, तपासून घ्यावं. बारा वर्षांनंतर विचारलं तेव्हा रेडिएशनवाल्यांपैकी १२ टक्के लोकांना नकळत थोडी शौच गळण्याचा त्रास होता, इतर दोन्ही गटांत ६ टक्के. लघवीची जळजळ, घाई, रात्रीचं उठणं हे उपचाराच्या काळात वाढतं आणि काही महिन्यांत निवळतं. किरणांमुळे पुढे फार वर्षांनी मूत्राशयाचा किंवा गुदाशयाचा दुसरा कॅन्सर होण्याची शक्यता थोडी वाढते. तुमच्या वयाला ती छोटी आहे. पन्नाशीच्या माणसाने मात्र ती जरा जास्त मनावर घ्यावी.

"शेक" हा शब्द आपल्याकडे रूढ आहे म्हणून मीही वापरते, पण त्यात भाजण्यासारखं काही नसतं. तुम्ही टेबलावर निजता, यंत्र भोवती फिरतं, पंधरा-वीस मिनिटांत घरी. काहीच जाणवत नाही. खरी कसरत त्याआधीची. रोज ठरावीक पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं ठेवायचं, पोट साफ करून यायचं आणि आपला नंबर लागेपर्यंत तग धरायचा. भरलेलं मूत्राशय आतडी वर ढकलतं, रिकामा गुदाशय ग्रंथीला जागेवर ठेवतो, म्हणून हा खटाटोप. यंत्र अडलं, आधीच्या माणसाला वेळ लागला, की बाहेर बसलेले सगळे पाय हलवत असतात. पूर्वी हे ३७-३९ दिवस चालायचं. मग २०वर आलं. आता तुमच्यासारख्या रुग्णांत पाच बैठकांतही भागतं. 'पेस' नावाच्या अभ्यासात पाच बैठकांचा निकाल पाच वर्षांनी जुन्या पद्धतीइतकाच चांगला आला, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना "किती बैठका?" विचारा, आणि वीस म्हणाले तर "पाच का नाही?" हेही.

आणखी एक गोष्ट विचाराच, कारण ती लोकांना फार उशिरा कळते. रेडिएशनबरोबर हार्मोनचं इंजेक्शन देणार का? त्याने शरीरातलं पुरुषी हार्मोन बंद पडतं. अंगातून गरम वाफा निघतात, थकवा येतो, वजन वाढतं, मन उदास होतं, इच्छाच उरत नाही. ज्यांचा कॅन्सर जास्त खट्याळ, त्यांना ते खरंच हवं. तुमचे आकडे बघता कदाचित लागणार नाही. लागलंच तर साधारण चार ते सहा महिने. पण 'फक्त शेक' आणि 'शेक अधिक इंजेक्शन' हे दोन वेगळे सौदे आहेत. सौदा कोणता, हे आधी कळायला हवं.

रोबोबद्दल तुमच्या मुलाला फार भरवसा दिसतो. रोबो स्वतः काही कापत नाही, सर्जन कन्सोलवर बसून कापतो. ऑस्ट्रेलियात पोट उघडून केलेल्या आणि रोबोने केलेल्या ऑपरेशनची चिठ्ठ्या टाकूनच तुलना झाली. रोबोत रक्त कमी गेलं, माणसं लवकर घरी गेली. पण दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि ताठरता दोन्हीकडे सारखीच होती. यंत्र कोणतं याहून, चालवणाऱ्याने अशी किती ऑपरेशनं केली आहेत हे महत्त्वाचं. सर्जनना सरळ विचारा, "तुमच्या रुग्णांपैकी, माझ्या वयाचे किती जण वर्षाने पॅडशिवाय आहेत?" चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. "सगळं उत्तम होतं हो" असं मोघम उत्तर आलं, तर ते उत्तरच समजा.

आता ता. क.

"या वयात त्याचं काय" हे वाक्य वाचून मला राग आला, आणि तो इथे लपवत नाही. तुमच्या आयुष्यात त्याचं काय आहे ते तुम्ही आणि तुमची पत्नी ठरवणार. डॉक्टरांनी आकडे सांगायचे, मत नाही. तर आकडे सांगते. प्रोटेक्ट अभ्यासात सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांना संबंधापुरती ताठरता येत होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात ती १२ टक्क्यांवर आली, रेडिएशनच्या गटात २२वर (त्यांना शेकाबरोबर काही महिने हार्मोनचा उपचारही होता, त्याचा यात वाटा आहे). सहा वर्षांनी ऑपरेशनवाले १७ टक्के, रेडिएशनवाले २७. आणि ज्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं ते? ३० टक्के. त्यातल्या काहींनी पुढे उपचार घेतले होते हे धरलं, तरी वयाने आपला वाटा उचललेला दिसतोच.

कारण असं, की ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या दोन्ही अंगांनी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिकटून जातात. १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श या अमेरिकन सर्जननी त्या नसा ओळखून, वाचवून ऑपरेशन करायची पद्धत सुरू केली. त्याआधी बहुतेकांची ताठरता कायमची जायची. वाचवल्या तरी त्या धक्क्याने बधिर होतात आणि सावरायला दीड-दोन वर्षं घेतात. गाठ नसांना खेटून असेल तर त्या बाजूच्या नसांवर पाणी सोडावं लागतं. तुमची गाठ उजवीकडे आहे. तेव्हा सर्जनना विचारा, "डावीकडच्या नसा नक्की वाचतील का, आणि उजवीकडच्या?" रेडिएशनमध्ये उलटं होतं. आज आहे ते उद्याही असतं, पण दोन-तीन वर्षांत हळूहळू ओसरत जातं.

आणि जे कुणी सांगत नाही ते हे: ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही, पण सुखाची भावना जात नाही. ती वेगळ्या नसांची गोष्ट. रेडिएशननंतरही वीर्य कमी होतं किंवा थांबतं. ताठरतेसाठी गोळ्या आहेत (हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर त्या घ्यायच्या नाहीत), व्हॅक्यूम पंप आहे, इंजेक्शन आहे. हे सगळं विचारायला लाजायचं नाही.

पण त्याआधी घरी बोलायचं. कसं, ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. समोरासमोर बसून "मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय" अशी सुरुवात करू नका, तिला वाटेल कॅन्सर पसरला. रात्री दिवा मालवल्यावर, किंवा दोघं चालत असताना, एकमेकांच्या तोंडाकडे बघायची सक्ती नसते तेव्हा बोला. एवढं म्हणा, "दोन्ही उपचारांत आपल्या दोघांतलं काही कमी होणार आहे, कशात किती ते मी विचारून आलोय." मग गप्प बसा. तुमच्या मनात तिने काय म्हणायचं ते तुम्ही आधीच लिहून ठेवलं असेल. ते पुसा. "मला तुम्ही हवे आहात, बाकी काही नको" असं ती म्हणाली तर तेही एकदम खरं धरू नका, पुन्हा एकदा बोला. घाबरलेलं माणूस पहिल्यांदा तेच म्हणतं. माझ्यासमोर एक बाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "तुम्ही मला न विचारता माझ्या वाटचंही सोडून आलात." त्यांचा नवरा नुकताच ऑपरेशनच्या कागदावर सही करून आला होता.

एक तिसरा रस्ता तुम्हाला दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेला दिसत नाही. लक्ष ठेवणं. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी, आणि कॅन्सर चाळवला असं दिसलं तरच उपचार. ३+३ असलेल्यांसाठी आता ती पहिली पसंती झाली आहे. ३+४मध्ये, खट्याळ भाग अगदी थोडा असेल तर, काही जणांना तो पर्याय देतात. प्रोटेक्टमध्ये लक्ष ठेवलेल्या गटातले साधारण एक चतुर्थांश लोक १५ वर्षांनीही कोणताही उपचार न घेता जिवंत होते. तुमचे ४ तुकडे आहेत, तेव्हा मी तुम्हाला हे सुचवते आहे असं समजू नका. पण बायोप्सीच्या काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या आणि विचारा, "यात ४चा भाग किती टक्के?" तो टक्का कमी-जास्त झाला की सगळं गणित हलतं.

माझं मत विचाराल तर ते तुमच्या रात्रीच्या उठण्यापाशी अडलं आहे. तीन-चारदा उठणं आणि बारीक धार ही ग्रंथीने नळी दाबल्याची लक्षणं असू शकतात. तसं असेल तर ऑपरेशनने कॅन्सर आणि अडथळा दोन्ही जातात, रेडिएशनने मात्र अडथळा काही काळ वाढतो, कधी लघवी तुंबतेही. म्हणून आधी लघवीच्या धारेची तपासणी आणि लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते त्याची सोनोग्राफी करून घ्या. साध्या, न टोचणाऱ्या तपासण्या आहेत. अडथळा मोठा निघाला तर माझा कौल ऑपरेशनला. किरकोळ निघाला, गोळीने धार सुधारली, तर रेडिएशनला, आणि इंजेक्शन लागत नसेल तर नक्कीच. कारण चार पानांत तुम्ही पोहण्याचा उल्लेख तीनदा केला आहे. ओल्या अंगाने कठड्यावर चढून येताना गळेल की काय, या भीतीने तुम्ही पोहणं सोडाल असं मला वाटतं. बहुतेकांचं गळणं थांबतं किंवा अगदी थोडं उरतं, पण कोणाचं राहणार ते आधी कळत नाही.

एक गंमत वाटेल असं सुचवते. औषधाच्या दुकानातून पुरुषांसाठीचं पॅड आणा आणि एक अख्खा दिवस ते घालून वावरा. फिरा, बसा, मित्रांना भेटा. संध्याकाळी तुम्हाला "एवढंच ना?" वाटलं की "छे, नको रे बाबा" वाटलं, ते लिहून ठेवा. ऑपरेशन ठरलं तर खालच्या स्नायूचा व्यायाम आजपासून सुरू करा. वायू रोखताना जो स्नायू आत ओढला जातो तोच. पाच-दहा सेकंद धरायचा, सोडायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास धरायचा नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. ग्लीसनची बेरीज ८ ते १० असेल, पीएसए २०च्या वर असेल किंवा गाठ ग्रंथीबाहेर डोकावत असेल, तर वरचे आकडे तुमचे नाहीत. तिथे रेडिएशनबरोबर दीड ते तीन वर्षं हार्मोन देतात, आणि ऑपरेशन केलं तरी पुढे शेक लागण्याची शक्यता बरीच असते. आतड्यांना सूज येण्याचा जुना आजार असेल किंवा ओटीपोटाला आधी कधी रेडिएशन झालं असेल, तर शेकाआधी दहादा विचार. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर भुलीचा धोका आधी तपासा. आणि वडिलांसाठी निर्णय घेणाऱ्या मुलांनो, "काढून टाका" म्हणताना पॅड कोण बदलणार आहे तेही बोला.

तुम्ही मात्र दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा एकदा जा आणि दोघांना एकच प्रश्न विचारा: "माझ्यात काय वेगळं असतं, तर तुम्ही मला समोरच्याकडे पाठवलं असतं?" ज्याला याचं उत्तर देता येतं, त्याने तुमचा अहवाल नीट वाचला आहे. सगळे प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, उत्तरांना जागा सोडा, आणि कागद पत्नीच्या हातात द्या. नाव पुकारलं की तिला बाकावरून उठवून आत न्या. डॉक्टर बोलत असताना तुमच्या कानात अर्धंच शिरेल. उरलेलं ती लिहून घेईल.